गॅस बाहेर फेकतो म्हणून तर तारा वाढतो

परवा कोथरूडला सोसायटीच्या गच्चीवर पोरांना दुर्बिणीतून मृग दाखवत होतो. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो धुरकट ठिपका दिसतो ना, तो ओरायन नेब्युला, म्हणजे गॅस आणि धुळीचा प्रचंड ढग, साधारण 1350 प्रकाशवर्षं लांब, आणि तिथे सध्याही तारे जन्माला येतायत. मी म्हटलं हे नवे तारे जोरात गॅस बाहेर फेकतात, तर आठवीतला एकजण म्हणाला, "काका, पण तारा तर गॅस आत पडूनच होतो ना?" प्रश्न एकदम बरोबर आहे.

ढग आकसला की त्याची मुळातली थोडीशी गिरकी भयंकर वाढते, म्हणून गॅस सरळ आत न पडता ताऱ्याभोवती तबकडी करून फिरत राहतो. या तबकडीतून चुंबकीय रेषा बाहेर निघालेल्या असतात, तबकडीबरोबर त्याही फिरतात आणि त्यांच्यावरचा थोडा गॅस गोफणीतल्या दगडासारखा भिरकावला जातो. पुढे याच रेषा सुतासारख्या पिळल्या जातात आणि त्या गॅसला आवळून दोन्ही ध्रुवांच्या दिशेने सरळ झोत करतात, वेग सेकंदाला शेकडो किलोमीटर! हा गॅस जाताना तबकडीची थोडी गिरकी सोबत घेऊन जातो, म्हणून तर उरलेला आत सरकू शकतो.

सूर्याच्या आठपटीहून जड ताऱ्यांचं तर अजून अवघड, कारण पोट भरायच्या आधीच ते पेटलेले असतात आणि त्यांचा प्रकाशच येणाऱ्या धुळीला मागे ढकलतो. मग वाढणार कसे? तर झोतांनी ध्रुवांकडे ढगाला भोकं पाडलेली असतात, चुलीवरच्या धुराड्यासारखी, बराचसा प्रकाश तिथून निघून जातो आणि तबकडीच्या बाजूने गॅस येत राहतो. मला हे फार म्हणजे फार आवडतं.

तेवढ्यात कुणीतरी मृगावर जन्मलेल्यांचा स्वभाव सांगायला लागलं. अहो, त्या ठिपक्याचा उजेड तिथून निघाला तेव्हा शिवाजी महाराजही जन्मले नव्हते, तो तुमच्या बाळाचा स्वभाव कसा ठरवेल? पोरांना असलं सांगू नका, प्लीज.

आणि चुंबकीय रेषा ही नुसती कल्पना नाही. धनु राशीत एचएच 80-81 नावाचा असाच एका जड ताऱ्याचा झोत आहे, त्याच्या रेडिओ लहरी ठराविक दिशेतच थरथरतात असं 2010 साली दिसलं, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळणारे इलेक्ट्रॉन तिथे आहेत. नंतर तोच झोत आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने, 45 मीटरच्या 30 अँटेनांनी, कमी फ्रिक्वेन्सीला बघितला आणि तिथेही त्याच इलेक्ट्रॉनांची खूण सापडली.