रक्ताचा कॅन्सर कुळ बदलतो तेव्हा

तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड आला: ‘ब्लड कॅन्सरवर भारतीय उपचार, एकच डोस, आजार मुळापासून खलास!’ यातलं अर्धं खरं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) काढून त्यांना सीडी१९ हे प्रथिन हेरायला शिकवतात आणि पुन्हा रक्तात सोडतात. सीडी१९ बी पेशींवर, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कुळावर असतं, म्हणून बी पेशींचा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) त्यांच्या तावडीत सापडतो.  

‘मुळापासून’ हे मात्र नेहमीच खरं ठरत नाही. काही थोड्या रुग्णांत आजार उलटतो तेव्हा पेशींवर सीडी१९ नसतंच. त्या चक्क मायलॉइड या रक्तपेशींच्या दुसऱ्याच कुळातल्या, मोनोसाइट या पांढऱ्या पेशीसारख्या दिसतात. ११व्या गुणसूत्रावरचं केएमटी२ए जनुक तुटून भलत्याच जनुकाला जोडलं गेलेलं असेल, तर हे जास्त घडतं. वर्षाच्या आतल्या बाळांचा ल्युकेमिया बहुधा याच जातीचा असतो. साध्या केमोनंतरही असं झालेलं आहे, त्यामुळे सगळा दोष कार-टीचा नाही.

पण हा जुनाच कॅन्सर कशावरून? नवा कशावरून नाही? याचा छडा कसा लावतात, तो भाग मला फार आवडतो. बी पेशी घडताना अँटिबॉडीच्या जनुकाचे तुकडे कापून नव्याने जोडते आणि सांध्यात डीएनएची काही अक्षरं वाटेल तशी घुसडते. त्यामुळे प्रत्येक बी पेशीचा सांधा वेगळा, अंगठ्याच्या ठशासारखा, आणि तो तिच्या सगळ्या वंशजांत उतरतो. मायलॉइड पेशीला या कापाकापीची गरजच नसते. तरीही उलटलेल्या आजारातल्या मायलॉइड पेशीत कधीकधी नेमका तोच सांधा सापडतो! म्हणजे ती आधी बी पेशी होती. कधी सांधा जुळत नाही, पण केएमटी२ए जिथे तुटलं ती जागा अक्षरशः तीच निघते. तेव्हा फाटा त्याहून आधीच्या, सांधा पडण्यापूर्वीच्या पूर्वज पेशीत फुटलेला असू शकतो.

म्हणूनच अशा रुग्णाच्या उपचारानंतरच्या तपासणीत फक्त बी पेशींच्या खुणा शोधून भागत नाही. फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरची प्रथिनं एकेका पेशीगणिक तपासण्याच्या चाचणीत) सीडी३३, सीडी१४ सारख्या मायलॉइड खुणाही पाहाव्या लागतात आणि शक्य असेल तिथे केएमटी२एचा तुटका सांधा थेट डीएनएत शोधावा लागतो. पेशीने रूप पालटलं तरी तो सांधा तिच्यासोबत राहतो.