जुनी डिफेंडरच खरी, नवी नुसती मिरवायला?

दापोलीपासून मालवणापर्यंत गाड्यांच्या गप्पांत हे ठरलेलं: शिडीसारखी चॅसी (गाडीचा सांगाडा) आणि सलग ॲक्सलची (डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर) जुनी लँड रोव्हर डिफेंडर कुठंही जाते, नवी फक्त शोभेची. आकडे उलटं सांगतात. 2016 साली बंद झालेल्या जुनीची पाण्यात उतरायची मर्यादा 500 मिलिमीटर. 2019 मध्ये आलेल्या नवीची, एअर सस्पेन्शन (हवेच्या दाबानं गाडी उंच करणारी यंत्रणा) असेल तर, 900. लो-रेंज, म्हणजे अवघड वाटेवर कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर, दोघींतही आहे.

समज अगदीच हवेतला नाही म्हणा. जांभ्याच्या खडबडीत चढावर सलग ॲक्सलचं एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं, जमीन सहसा सुटत नाही. नवीत प्रत्येक चाक स्वतंत्र, म्हणून ते लवकर अधांतरी लटकतं आणि बघणारे हसतात. पण इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्याच फिरत्या चाकाला ब्रेक लावून जोर पकड असलेल्या चाकाकडं वळवते. बहुतेक जुन्या गाड्यांत हे सगळं चालकाच्या कसबावर.

दुरुस्तीत मात्र जुनी सरस, वादच नको. पुळणीवर टायरमधली हवा कमी केली नाही तर दोघीही रुततात. आणि 900 चा आकडा बघून खाडीत घालू नका: खारं पाणी जुनीची पोलादी चॅसी आतून खातं, नवीच्या वायरिंगलाही सोडत नाही.