मेमरी कुणाची, नाव कुणाचे: कर्नलमधल्या स्लॅब डिबगिंगची पार्श्वभूमी

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जिथे कोसळतो आणि चूक जिथे झालेली असते, त्या दोन जागांचा बहुतेक वेळा एकमेकींशी काही संबंध नसतो. एखादा ड्रायव्हर आधीच फ्री केलेल्या, म्हणजे वापरून परत दिलेल्या, ऑब्जेक्टवर (मेमरीच्या तुकड्यावर) चार बाइट लिहून निघून जातो. तोवर ती जागा दुसऱ्याच कुणाला मिळालेली असते. मग अर्ध्या तासाने फाइलसिस्टीममधले एखादे निरुपद्रवी फंक्शन आडवे होते आणि क्रॅशच्या अहवालात नाव येते ते त्या बिचाऱ्या फंक्शनचे. मेमरी वाटपाच्या डिबगिंगसाठी गेल्या तीस वर्षांत जे काही बांधले गेले, ते मुख्यतः हे अंतर कमी करण्यासाठी. लिनक्समधला मेमरी वाटणारा जुना कोड, म्हणजे स्लॅब अ‍ॅलोकेटर, मार्च २०२४ मध्ये ६.८ आवृत्तीतून काढला गेला आणि तीन अ‍ॅलोकेटरांपैकी एकच उरला. हे अंतर कुठे कमी झाले आणि कुठे आपणच वाढवून ठेवले, हे त्यामुळे आता एकाच कोडकडे बोट दाखवून सांगता येते.

सुरुवातीचा भाग थोडक्यात. एकाच प्रकारच्या ऑब्जेक्टसाठी स्वतंत्र कॅशे (तयार तुकड्यांचा साठा) ठेवायचा, ही कल्पना १९९४ मध्ये सोलारिस २.४ बरोबर मांडली गेली. त्या रचनेत डिबगिंगचाही विचार होता: फ्री केलेल्या मेमरीत ‘डेडबीफ’, वाटलेल्या पण न भरलेल्या मेमरीत ‘बॅडकॅफे’ आणि ऑब्जेक्टच्या शेवटी राखण करायला ‘फीडफेस’. हेक्स अंकांतून वाचता येणारे शब्द मुद्दाम निवडले होते, कारण डंप (मेमरीतल्या बाइटांची छापलेली प्रत) शेवटी माणसानेच डोळ्यांनी वाचायचा असतो. लिनक्सने ही रचना २.२ मालिकेत घेतली.

लिनक्सचे असे खुणेचे, ‘विषारी’ बाइट मात्र वेगळे. फ्री केलेला ऑब्जेक्ट हेक्स ६बी ने भरतात आणि त्याच्या शेवटच्या बाइटवर ए५ ठेवतात. ६बी म्हणजे आस्कीतले इंग्रजी ‘के’ अक्षर, म्हणून डंपच्या उजव्या कडेला ‘के’ची रांगच्या रांग दिसते. ही रांग नीट वाचायला शिकले की अर्धे काम होते. समजा, रांगेत सगळीकडे ६बी आहे आणि एकाच ठिकाणी ६ए. कुणीतरी फ्री झालेल्या ऑब्जेक्टमधला रेफरन्स काउंट (किती जण वापरत आहेत तो आकडा) एकने कमी केला आहे, असा याचा जवळपास नक्की अर्थ. चार बाइटचा आकडा लिटल-एंडियन (लहान किमतीचा बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर एकने कमी झाला की त्याचा पहिला बाइट ६बी चा ६ए होतो आणि पुढचे तीन तसेच राहतात. किंवा समजा, ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी८३ या पत्त्यावर क्रॅश झाला. मेलेल्या ऑब्जेक्टमधून पॉइंटर वाचला गेला आणि त्यापुढे हेक्स १८, म्हणजे २४ बाइटवरचे फील्ड मागितले गेले. कोणत्या स्ट्रक्चरमध्ये २४ व्या बाइटवर काय आहे हे पाहिले की संशयित दोन-तीनच उरतात.

पण ही तपासणी उशिराची. बाइट बिघडला आहे हे कळते ते ऑब्जेक्ट पुन्हा वाटताना किंवा परत घेताना. चोरी झाली हे समजते, चोर समजत नाही. शिवाय जुन्या अ‍ॅलोकेटरमध्ये ही सोय कर्नल पुन्हा कंपाइल केल्याशिवाय मिळत नसे. ग्राहकाच्या मशीनवर आठवड्यातून एकदा येणाऱ्या बिघाडासाठी ‘वेगळा कर्नल टाका आणि वाट पाहा’ एवढेच सांगता येई.

२००७ मध्ये २.६.२२ मध्ये स्लब हा नवा अ‍ॅलोकेटर आला आणि ही अडचण खरोखर दूर झाली. तो आणण्याचे जाहीर कारण मोठ्या मशीनांचे होते. जुना अ‍ॅलोकेटर प्रत्येक सीपीयू आणि प्रत्येक नोडसाठी (मेमरीच्या गटासाठी) रांगा राखून ठेवत असे, आणि हजारभर नोड-प्रोसेसरांच्या मशीनवर नुसत्या त्या रांगांमध्ये काही गिगाबाइट अडकून पडत. डिबगिंग करणाऱ्यांना मात्र दुसरेच काही मिळाले. बूटच्या वेळी एक पॅरामीटर आणि त्यापुढे काही अक्षरे: एफ म्हणजे सुसंगतीची तपासणी, झेड म्हणजे रेडझोन (ऑब्जेक्टच्या कडेची राखण), पी म्हणजे पॉयझन (वरचे विषारी बाइट), यू म्हणजे कुणी घेतले आणि कुणी सोडले याची नोंद, टी म्हणजे ट्रेस. हवे तर एकाच कॅशेपुरते. कंपाइल नको, फक्त रीबूट. चालू मशीनवर सिसफसमधून (कर्नलची माहिती आणि सेटिंग दाखवणाऱ्या फाइलींतून) हे पर्याय बदलण्याचीही सोय होती. ती सुरक्षित नाही म्हणून २०२० मध्ये त्या फाइली फक्त वाचण्यापुरत्या ठेवल्या गेल्या. मला तो निर्णय पटतो. जिवंत ऑब्जेक्टांची मांडणी मध्येच बदलणारे डिबगर स्वतःच बिघाड होऊन बसते.

इथे ‘स्लॅब’ शब्दाचा गुंता सोडवून घ्यायला हवा, नाहीतर पुढचे वाचताना घोळ होतो. स्लॅब म्हणजे सलग पानांचा एक तुकडा, ज्यात एकाच मापाचे ऑब्जेक्ट बसवलेले असतात. स्लॅब म्हणजे ती सगळी पद्धतही. आणि २०२४ पर्यंत स्लॅब म्हणजे स्लब व स्लॉब या भावंडांपासून वेगळा असा एक विशिष्ट अ‍ॅलोकेटरही. स्लॉब २०२३ मध्ये ६.४ मधून गेला, स्लॅब पुढच्या वर्षी. आता ‘स्लॅबइन्फो’ नावाची फाइल, ‘मेमइन्फो’मधली स्लॅबची ओळ आणि बूटचे स्लॅबचे पॅरामीटर, या सगळ्यांच्या मागे चालतो तो स्लबचा कोड. ‘स्लॅब काढून टाकला’ या वाक्याने अनेकांना कॅशेच गेले असे वाटले. गेला तो फक्त त्या नावाचा एक अ‍ॅलोकेटर.

आता मर्जिंग, म्हणजे सारखे कॅशे एकत्र करणे. स्लबबरोबर आलेला हा निर्णय माझ्या मते डिबगिंगच्या इतिहासातला सर्वात कमी चर्चिला गेलेला आणि सर्वात जास्त वेळ खाणारा आहे. युक्तिवाद सरळ होता. कर्नलमध्ये शेकडो कॅशे असतात आणि त्यांतल्या अनेकांचे ऑब्जेक्ट जवळपास सारख्याच मापाचे. प्रत्येकाने आपापले अर्धवट भरलेले तुकडे का धरून बसावे? माप आणि अलाइनमेंट (पत्ते कितीच्या पटीत हवेत ते) जुळत असेल, फरक एका पॉइंटरपेक्षा कमी असेल, कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट आधीच भरून ठेवणारे फंक्शन) नसेल, तर दोन कॅशे एकच करून टाकायचे. स्लब मांडतानाचा दावा होता की यामुळे साधारण निम्मे कॅशे नाहीसे होतात. मेमरी वाचते, तेच तुकडे वारंवार वापरले गेल्याने सीपीयूच्या कॅशमध्ये गरम राहतात. हे फायदे खरे आहेत. २०१४ च्या अखेरीस जुन्या स्लॅबमध्येही मर्जिंग आणले गेले, ते उगाच नव्हे.

पण जाते काय? नाव जाते. मर्ज झालेल्या कॅशेंपैकी जो आधी तयार झाला, त्याचेच नाव ‘स्लॅबइन्फो’त दिसते. तुमच्या मॉड्यूलचे ऑब्जेक्ट कुणा भलत्याच उपप्रणालीच्या नावाखाली मोजले जातात. आकडा रोज फुगताना दिसतो, आणि ज्याच्या नावावर तो फुगतो त्याने त्यातले एकही ऑब्जेक्ट घेतलेले नसते. सिसफसमध्ये टोपणनावांचे दुवे असतात, त्यांवरून कोण कोण एकत्र नांदत आहेत ते कळते. त्यांच्यापैकी कुणी किती घेतले ते कळत नाही.

दुसरे नुकसान आणखी सूक्ष्म आहे. मॉड्यूल काढताना ते आपला कॅशे नष्ट करते. त्यात ऑब्जेक्ट उरले असतील तर कर्नल लगेच ओरडतो. लीक (घेऊन परत न दिलेली मेमरी) पकडण्याची ही सर्वात स्वस्त आणि सर्वात खात्रीची जागा. कॅशे मर्ज झालेला असेल तर ‘नष्ट करा’ या विनंतीने फक्त एक रेफरन्स काउंट कमी होतो. कॅशे जागेवर राहतो, उरलेले ऑब्जेक्टही राहतात, आणि कुणीही काही बोलत नाही. लिहिणाऱ्याला वाटते की आपले मॉड्यूल स्वच्छ आहे. वर्षानुवर्षे वाटत राहते.

तिसरे म्हणजे, चूक एका घरातून दुसऱ्या घरात जाते. वेगळा कॅशे असेल तर फ्री झालेल्या जागी सहसा त्याच प्रकारचा ऑब्जेक्ट येतो, आणि जुन्या पॉइंटरने केलेली नासधूस निदान त्याच उपप्रणालीत दिसते. (कधी कधी यामुळेच ती लपूनही राहते, हेही मान्य करायला हवे.) मर्ज झालेल्या कॅशेत तीच जागा नेटवर्कच्या ऑब्जेक्टला मिळते आणि क्रॅश नेटवर्कच्या कोडमध्ये होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. ज्यांचे कोड चोख असते त्यांच्याच दारात अहवालांचा ढीग पडतो. सुरक्षेच्या बाजूनेही हीच गोष्ट उलट वाचता येते: एका प्रकारचा मेलेला ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रकाराने भरता येणे, हे हल्लेखोराला हवेच असते.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, डिबगिंग सुरू केले की मर्जिंग आपोआप बंद होते. रेडझोन, पॉयझन किंवा नोंदी लावलेला कॅशे दुसऱ्यात मिसळता येत नाही. मिसळला तर तपासणीला अर्थच उरत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे बिनचूक आहे. परिणाम मात्र असा, की बिघाड ज्या मांडणीत होतो ती मांडणीच तपासणीच्या कर्नलमध्ये नसते. अक्षरे लावून रीबूट केले की क्रॅश थांबतो, काढली की परत येतो. ‘वेळेचा खेळ असेल’ म्हणून लोक लॉकिंगच्या मागे लागतात आणि साप समजून भुई धोपटत बसतात. असा बिघाड समोर आला तर सर्वात आधी फक्त ‘स्लॅब_नोमर्ज’ हे मर्जिंग बंद करणारे पॅरामीटर लावून बूट करावे, बाकी काहीही न बदलता. क्रॅशची जागा बदलली, तर कॅशेच्या शेजाऱ्यांची यादी काढावी. गुन्हेगार बहुधा त्या यादीत सापडतो.

विरोध होत होता, पण तुकड्यातुकड्याने. मर्जिंग मूळपासून बंद ठेवण्याचा कॉन्फिगचा पर्याय २०१७ मध्ये आला. एखाद्या कॅशेला ‘मला मिसळू नका’ असे स्वतः सांगता यावे, ही मागणी जुनी. तसा स्पष्ट फ्लॅग मिळायला २०२३ उजाडले. त्याच वर्षी सर्वसाधारण वाटपाच्या कॅशेंच्या १६ प्रती करून कॉलच्या जागेनुसार त्यांत ऑब्जेक्ट विखुरण्याची सोय आली, म्हणजे सुरक्षेसाठी कॅशे पुन्हा वेगळे करण्याकडेच पाऊल पडले. २००७ मध्ये जे एकत्र केले, ते आता निवडक ठिकाणी फोडले जात आहे.

दरम्यान साधने पुढे गेली. २००९ मध्ये २.६.३१ मध्ये दोन आली. केमेमलीक सगळ्या वाटलेल्या तुकड्यांची नोंद ठेवते, दर दहा मिनिटांनी मेमरी चाळते, आणि ज्यांच्याकडे एकही पॉइंटर उरला नाही त्यांना संशयित ठरवते. केमेमचेक प्रत्येक वाचन-लेखनावर पेज फॉल्ट (मेमरीचे पान वापरताना कर्नलला मिळणारा इशारा) घडवून न भरलेल्या मेमरीचा वापर पकडत असे. ते इतके मंद होते आणि एकाच सीपीयूवर चालवावे लागे, की २०१८ च्या सुरुवातीला ४.१५ मध्ये ते काढलेच गेले.

खरा बदल २०१५ मध्ये ४.० बरोबर आलेल्या केसॅनने केला. कंपायलर प्रत्येक मेमरी-प्रवेशाआधी तपासणी घालतो आणि दर आठ बाइटसाठी एक बाइट छायामेमरीत ठेवलेला असतो: शून्य म्हणजे आठही बाइट वापरता येतील, एक ते सात म्हणजे पहिले तेवढेच, ऋण म्हणजे हात लावू नका. फ्री केलेले ऑब्जेक्ट काही काळ विलगीकरणात ठेवले जातात, त्यामुळे जागा लगेच दुसऱ्याला जात नाही. चूक घडते त्याच क्षणी, त्याच ओळीवर कर्नल अहवाल देतो आणि त्यात तीन स्टॅक (फंक्शनांनी एकमेकांना बोलावल्याच्या साखळ्या) असतात: आता कुणी हात लावला, आधी कुणी घेतले होते, कुणी सोडले. अंतर शून्य झाले. किंमत म्हणजे एक अष्टमांश मेमरी आणि वेगात मोठी घट, म्हणून हा कर्नल प्रयोगशाळेतला. केसॅनचे कॅशेही मर्ज होत नाहीत, हे इथे परत आठवावे.

प्रॉडक्शनसाठी २०२१ मध्ये ५.१२ मध्ये केफेन्स आला. त्याने सगळे तपासण्याचा हट्ट सोडला. डीफॉल्टने दर १०० मिलिसेकंदांनी एखादे वाटप उचलून ते २५५ खास जागांपैकी एकीत ठेवायचे. प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतंत्र पान, दोन्ही बाजूंना संरक्षक पाने, आणि ऑब्जेक्ट पानाच्या डाव्या किंवा उजव्या कडेला टेकवलेला. सगळे मिळून दोन मेगाबाइट. एका मशीनवर काही सापडायला महिने लागतील. हजारो मशीनवर रोज काहीतरी सापडते. केमेमचेकची जागा भरायला २०२२ च्या डिसेंबरमध्ये ६.१ मधून केएमसॅन आले, तेही कंपायलरच्या आधारावर.

जुलै २०२४ च्या ६.१० मधली वाटपाची प्रोफाइलिंग मला या सगळ्यात जास्त मोलाची वाटते. कोडमधल्या प्रत्येक वाटपाच्या जागेला एक खूण मिळते आणि ‘अ‍ॅलोकइन्फो’ या फाइलीत फाइलचे नाव, ओळ, फंक्शन, किती बाइट आणि किती वेळा, हे सरळ वाचता येते. खर्च इतका कमी की ती चालू मशीनवर ठेवता यावी. कॅशे मर्ज झालेला असो वा नसो, हिशेब ओळीच्या नावावर होतो. मर्जिंगने जे नाव पुसले होते, ते सतरा वर्षांनी असे दुसऱ्या दाराने परत आले.

पण ते फक्त घेणाऱ्याचे नाव. लीकसाठी तेवढे पुरते. बिघडलेल्या ऑब्जेक्टवर शेवटचे कुणी लिहिले हे त्या फाइलीत कधीच नसणार. कॉन्फिगमधली मर्जिंगची डीफॉल्ट किंमत अजूनही ‘होय’ हीच आहे.