कार्गोचा पायलट म्हणजे ‘नापास’ पायलट?

‘प्रवासी विमानासाठी नापास झालेल्यांना कार्गोत (मालवाहू विमानांवर) घेतात’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही. भारतात कमर्शियल लायसन्सला किमान २०० तासांचं उड्डाण आणि क्लास १ मेडिकल (पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी) लागतं. त्यात प्रवासी-कार्गो असा भेदच नाही. टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवायची परवानगी, तीही विमानाच्या प्रकारावर, उदाहरणार्थ बोइंग ७३७. आत माणसं असोत की आंब्याच्या पेट्या. नव्याला आधी सिम्युलेटर, मग ट्रेनिंग कॅप्टनशेजारी बसून लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणांवर सराव. उलट कार्गोत पॅलेटचे (माल बांधलेल्या सपाट तळाचे) लॉक नीट लागलेत का, हे जास्तीचं काम. पॅलेट मागे सरकलं तर विमानाचा तोलच जातो. (रात्रीच्या ड्युट्या मात्र खऱ्या!) पडताळायचंय? ओळखीच्या पायलटचं लायसन्स बघा. रेटिंगमध्ये विमानाचं नाव दिसेल, ‘कार्गो’ नाही.