मातीच्या खाणीचं संग्रहालय काढायचंय? आधी रूळ कोणाचा ते विचारा

कोकणात जांभ्याचा थर संपला की खाली पांढुरकी, बोटांना साबणासारखी लागणारी माती लागते. सिंधुदुर्गात चिनी मातीचे साठेही आहेत. गावात अशी एखादी बंद खाण असेल, ढकलगाडीचे चार रूळ किंवा उलटवायचा डबा झुडपात पडला असेल, तर संग्रहालयाची कल्पना कोणालाही सुचते. इंग्लंडमध्ये पर्बेकच्या माती-खाणींसाठी १८०६ मध्ये घोड्यांनी ओढायची रूळवाट झाली होती. त्या उद्योगाचं छोटं संग्रहालय आज नॉर्डनला आहे, आणि ते स्वयंसेवक चालवतात. म्हणजे सरकारी इमारत नसली तरी अडत नाही. अडतं ते कागदावर.

पहिला कागद मालकीचा. संग्रहालयासाठी आम्ही एक रूळ उचलून आणला तेव्हा भंगारवाला किलोचा भाव सांगत मागे आला. पण तो रूळ खाणपट्टेदाराचा, जमीनमालकाचा की कोणाचाच नाही, हे आम्हाला सांगता येईना. म्हणून वस्तू हलवण्याआधी दानपत्र घ्या: देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार, फोटो. चिनी माती २०१५ पासून गौण खनिजांत, म्हणजे ज्यांचे नियम राज्य सरकार करतं अशा खनिजांत, मोडते. त्यामुळे पट्ट्याची जुनी माहिती जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत विचारायची. माहितीच्या अधिकारात अर्ज केलात तर लेखी उत्तर हाती येतं.

मग संस्था. सोसायटी म्हणून नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यासाची (ट्रस्टची) नोंदणी करावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. न्यास झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज द्यायचा. सोबत घटना व नियमावली, विश्वस्तांची संमतिपत्रं, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, मालमत्तेची यादी, जागामालकाचं नाहरकत पत्र. उद्देशांत ‘संग्रहालय चालवणे, वस्तू जतन करणे’ हे शब्द स्पष्ट घाला. आमच्या घटनेत नुसतंच ‘सांस्कृतिक कार्य’ होतं, त्यापायी फाइल परत आली आणि तीन फेऱ्या झाल्या. पुढे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हे हमखास राहून जातं, आणि तंटा झाला की तेच उकरून निघतं.

जागेसाठी सातबारा, ग्रामपंचायतीचा ठराव आणि भाडेकरार किंवा बक्षीसपत्र लागतं. शेतजमीन असेल तर बिनशेतीचं पाहा. किनाऱ्याजवळ सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांचा नियम, आडवा येतो. विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा सहसा बांधकामाला बंद असतो, आणि खाडीकाठही सीआरझेडमधून सुटत नाही. जुनी शाळाखोली किंवा गोदाम मिळालं तर मी डोळे झाकून तेच घेईन.

अनुदान मागायचं असेल तर पॅन, बँक खातं, एनजीओ दर्पणचा (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदणी-संकेतस्थळाचा) क्रमांक आणि लेखापरीक्षित हिशेब लागतात. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय योजना आहे, पण नव्या संस्थेने तिच्या भरवशावर बसू नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू शकतो. पुरातत्त्व विभागाला आधी विचारा.

आणि वस्तूंची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा: क्रमांक, देणाऱ्याचं नाव, माप, कुठे सापडली. रूळजोडीचं अंतर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात, दोन फुटी असेल तर ते साधारण ६१० मिलिमीटर भरतं. गंज घासण्याआधी मोजा आणि फोटो काढा.