वलये लाकडाची आणि वलये अकीकाची

उन्हाळ्यात तापी, गिरणा किंवा पांझरेचे पाणी ओसरले की फुटलेल्या बाजूवर एकात एक वलये असलेला एखादा गोटा हाती लागतो आणि तो झाडाचे दगड झालेले खोड म्हणून घरी आणला जातो. खानदेशात बहुतेक वेळा तो अकीक, म्हणजे पोकळीत खनिज साचून झालेला पट्ट्यापट्ट्यांचा दगड, निघतो. इथली जमीन दख्खनच्या लाव्हाची आहे. लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे खनिजयुक्त पाण्याने भरून निघाल्या.

अकीक आणि दगड झालेले खोड या दोन्हींत द्रव्य बहुधा एकच असते, सिलिका, म्हणजे गारेचे द्रव्य. फरक आहे तो वलये वाढण्याच्या दिशेचा. अकीकात सिलिका पोकळीच्या भिंतीपासून आत साचत जाते, म्हणून सर्वांत जुने वलय बाहेरचे असते आणि मध्यभागी अनेकदा स्फटिक चमकतात. खोडात जुने वलय गाभ्याजवळ आणि नवे सालीलगत असते. शिवाय अकीकाच्या पट्ट्यांवरून वर्षे मोजता येत नाहीत.

राखेत किंवा गाळात गाडलेले लाकूड कुजण्याआधीच सिलिकायुक्त पाणी त्याच्या पेशींत झिरपले, तर पेशींची जाळी दगडात टिकून राहते. आडव्या कापावर भिंग धरले की पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची छिद्रे आणि गाभ्याकडून सालीकडे वलयांना छेदत जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात. अकीकात ही जाळी कधीच नसते. मात्र पोकळ किंवा तडकलेल्या खोडाच्या फटीतही अकीक भरतो, त्यामुळे दगडाचा एकच कोपरा पाहून निकाल देणे धोक्याचे आहे.

ही जाळीच जुन्या जंगलाचा पुरावा असते. सातपुड्यातला साग कोरड्या ऋतूत पाने गाळतो आणि नव्या हंगामाच्या आरंभी मोठ्या वाहिन्यांची रांग घालतो, म्हणून त्याच्या फळीच्या टोकावर वलये ठसठशीत उमटतात. वर्षभर ओलावा असलेल्या उष्णकटिबंधीय वनातल्या झाडांत ती पुसट असतात किंवा नसतातच. रुंद वाहिन्या बहुधा मुबलक पाण्याकडे बोट दाखवतात, तर अरुंद आणि दाट वाहिन्या कोरड्या काळाकडे.

मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातील घुघवा येथे सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीची अश्मीभूत खोडे आहेत आणि त्यांत ताडवर्गीय झाडेही आहेत. त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. ताडाच्या खोडात वलये नसतात, केवळ वाहिन्यांच्या जुड्यांचे विखुरलेले ठिपके असतात. पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या बुडबुड्यांचा आपल्याकडचा काळा दगडही असाच ठिपकेदार दिसतो, पण तो उभा कापला तरी ठिपके ठिपकेच राहतात. ताडात त्यांच्या लांब दोऱ्या होतात. ताड सापडले म्हणजे कडाक्याची थंडी नव्हती एवढे खात्रीने म्हणता येते. त्यात वलये नाहीत म्हणून तिथे कोरडा ऋतूच नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही, कारण ताड कोणत्याच हवामानात वलये घालत नाही. ऋतूंचा हिशोब त्याच थरातल्या इतर झाडांच्या लाकडात शोधावा लागतो.