पार्श्वभूमी : घरच्या भाजीमागचा ओला कचरा

पुण्यात घरी भाजी का लावता असं विचारलं, की उत्तर बहुधा औषधफवारणीपासून सुरू होतं. भीती खोटी नाही. मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला २००५ मध्येच बंदी आली, पण इतर पिकांसाठी ते नंतरही बरीच वर्षं दुकानात मिळत राहिलं. दुकानातली बाटली कापसावर रिकामी होते की वांग्यावर, हे पाहायला बांधावर कोणी उभं नसतं. तरीही या शहरात गच्च्यांवर जी सेंद्रिय भाजी वाढली, तिला तब्येतीच्या काळजीपेक्षा कचऱ्याने जास्त हातभार लावला, असं माझं मत आहे.

पेठांतल्या वाड्यांची परसबाग, मोरीच्या पाण्यावरचं अळू, कोपऱ्यातला शेवगा, हे सगळं १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर आणि पुढे फ्लॅटच्या बांधकामांत मागे पडलं. आजच्या कुंड्यांचा त्याच्याशी संबंध थोडाच.

खरी सुरुवात २००० च्या आसपासची. त्या वर्षी केंद्राचे घनकचरा नियम आले. नव्या इमारतींना गांडूळखताची सोय करण्याची अट लागली आणि चालू प्रकल्पाला मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळू लागली. सोबत सौरऊर्जा किंवा पावसाच्या पाण्याचं संकलन असेल तर १० टक्के. काही ठिकाणी खड्डा कागदावर राहिला, काही ठिकाणी त्यावर दुचाक्या लागल्या.

वाद पेटला तो ८ एप्रिल २०१६ च्या नियमांवरून. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच ‘शक्य तितका’ जिरवावा, असं त्यात आलं. मुदत एक वर्षाची. रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवरही हीच जबाबदारी. आता हे ‘शक्य तितका’ म्हणजे किती? सोसायट्यांचं म्हणणं, आम्ही कर भरतो, कचरा उचलणं पालिकेचं काम. जागा नाही, वास येतो, खड्ड्यापाशी माणूस टिकत नाही. प्रशासनाने त्याच शब्दांचा अर्थ ‘जवळपास सगळा’ असा लावला. कचरा उचलणार नाही अशा नोटिसा निघाल्या, आणि सभांमधून भांडणं झाली.

सोसायट्यांची अडचण खरी होती, पण शहराच्या कडेच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उशाशी घेतला, त्याचं काय? एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या कचरा डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात ढीग साचले. माझ्या लेखी वादाचा निकाल तिथेच लागला. वासाची तक्रार तर बहुतेक वेळा सुक्या पानांनी सुटते: नुसता ओला कचरा भरला की हवा कोंडते, पाणी सुटतं आणि तो सडतो. प्रत्येक थरावर पालापाचोळा पसरला की सडण्याऐवजी कुजायला लागतो. पाला जाळायलाही त्याच नियमांनी मनाई केली, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चची पानगळ अचानक कामाची झाली.

मग खत तयार होऊ लागलं आणि त्याचं करायचं काय, हा प्रश्न उरला. क्रोटन आणि मनी प्लांटला खत लागतं तरी किती? वांगी, टोमॅटो, दुधी मात्र खादाड. पाच-सहा तास ऊन मिळणारी गच्ची त्यांना चालते, मेथी-पालक कमी उन्हातही महिन्याभरात हाती येतात. मातीऐवजी पाला, उसाचं चिपाड आणि खत भरलं की कुंडी हलकी राहते, स्लॅबवर फारसा भार येत नाही.

१ जुलै २०१८ पासून सेंद्रिय म्हणून विकायच्या मालाला प्रमाणपत्राचे नियम लागू झाले. घरी खाणाऱ्याला त्याची गरज नाही, पण म्हणून घरचं सगळं आपोआप सेंद्रिय होत नाही. दुकानातल्या पाकिटातलं गुलाबी बी बुरशीनाशक लावलेलं असतं, आणि उत्साही मंडळी तेच पेरून वर जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, ओततात.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत मार्केट यार्डातला भाजीबाजार बंद पडला आणि कुंड्यांची संख्या वाढली. बाजार सुरू झाल्यावर त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या झाल्या. ज्यांच्याकडे खताचा डबा आधीपासून चालू होता, त्यांच्या कुंड्यांत बी पडत राहिलं.